चेन्नईवरून कापडे

२९ जानेवारी

आणि वर म्हणतात काय, तर हे सगळं तुमच्यासाठीच केलंय! माझ्यासाठी? मी कधी मागितलं होतं? वर्षभर गपगुमान यांच्या विमानात बसलो, पाणी दिलं तर प्यायलो, नाय दिलं तर नाय मागितलं. एवढा साधा माणूस यांना दुसरा कोण मिळाला असता? आणि माझ्यावरच नेम धरला.

विमान कंपनीचा मेल मुरारीनं वाचून दाखवला. मुरारी आमच्या महाडकडच्या सव गावचा, बारावी झालेला, दोरीवर माझा नवा जोडीदार. मी आठवीत शाळा सोडली, मला इंग्रजी अक्षरं लागतात पण त्यांचा अर्थ लागत नाय. त्यानं सांगितलं ते असं. आत्तापर्यंत वर्षात चोवीस वेळा उडालं की चांदीचं कार्ड मिळायचं. एक एप्रिलपासून कितीदा उडालात ते मोजणार नाय, तिकिटावर किती पैसे घातलेत ते मोजणार. म्हणजे एखादा शेठ वर्षात चारदा पुढच्या रुंद खुर्चीत बसून दिल्लीला गेला तर तो चांदीचा. आणि मी वर्षभर हितून तिथं, मागच्या खुर्चीत गुडघे दुमडून, कंपनीनं काढलेल्या सगळ्यात स्वस्त तिकिटावर गेलो तर मी कोण नाय.

मी मुरारीला म्हटलं, "जो सारखा येतो तो आपला, का जो एकदा येऊन नोट फेकतो तो आपला?"

"दुकानदाराला विचार ना."

"दुकानदारालाच विचारतोय समज."

"मग नोटवाला," मुरारी म्हणाला आणि घोरायला लागला.

३१ जानेवारी

डोक्यातून जात नाय.

मुरारी म्हणतो, कार्ड गेलं तर काय मरणार हायस का? त्याला नाय कळायचं, तो घरी गाडीनं जातो.

आमचं काम पवनचक्क्यांचं. वरून दोरी सोडायची, पट्टा बांधून पात्याला लटकायचं, तडा गेलेला असेल तिथं घासायचं, भरायचं, रंगवायचं. एक जागा संपली की दुसरी. जैसलमेर, भुज, आता हितं कन्याकुमारीच्या अलीकडं. कंपनीला घाई असते म्हणून विमानानं पाठवतात. माझ्याबरोबर दोऱ्यांची पिशवी असते, कड्या, पट्टे, हुक, सगळं माझं स्वतःचं. पहिल्या वर्षी प्रत्येक विमानतळावर ती पिशवी उघडायला लावायचे. "ये रस्सी किसलिये?" सगळ्यांसमोर. एकदा जयपूरला एका बाईनं पोराला माझ्यापासून बाजूला ओढून घेतलं होतं.

मग चोवीस उड्डाणं झाली आणि कार्ड आलं. आता वेगळी रांग, आणि त्या रांगेत बहुतेक मी एकटाच. काउंटरवरचा पोरगा कार्ड बघून उभा राहिला होता. "वेलकम, मिस्टर उतेकर." पिशवीला लाल पट्टी लावली. त्या दिवसापासून एकानं विचारलं नाय की दोरी कशाला. दोरी तीच, मीपण तोच.

त्या रांगेत मी पुढं असतो. आयुष्यात दुसरीकडं कुठं पुढं होतो ते आठवून बघितलं. आठवलं नाय.

२ फेब्रुवारी

मुरारीला लाडीगोडी लावून मेल परत वाचून घेतला. एक बारीक गोष्ट सापडली. ३१ मार्चपर्यंत जुनाच हिशोब. तोवर ज्याची चोवीस भरतील त्याचं कार्ड अजून एक वर्ष चालणार.

माझी वीस झाली आहेत. चार पाहिजेत. पण मेपर्यंत कंपनी हितून हलवणार नाय. वारा आता कमी असतो, म्हणून दुरुस्तीचे हेच दिवस. म्हणजे कंपनीच्या तिकिटावर एकपण उड्डाण नाय.

काय करायचं?

५ फेब्रुवारी

आईचा फोन. आई फोनवर ओरडून बोलते, तिला वाटतं तामिळनाडू लांब आहे म्हणून आवाज मोठा पाहिजे.

"शिमग्याला येतोस ना रे?"

"बघतो. वर्गणी पाठवतो ना मी. या वर्षी दुप्पट पाठवतो."

"वर्गणी नको म्हनतायत!"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. वर्गणी नको म्हणणारी गावकी मी तरी बघितली नाय. आईनं सगळं सांगितलं. मागच्या शिमग्याला कापड्याला आमच्या वाडीतले निम्मे मुंबईवाले आलेच नायत, फोनवरून पैसे पाठवले. पालखीला खांदे कमी पडले. म्हातारे आणि शाळेतली पोरं मिळून पालखी घरोघर फिरवली. म्हणून गावकीनं बसून नवा कायदा केला. होळीच्या रात्री ज्या घरचा माणूस स्वतः हजर, त्याच घरचा मान. घरचं कोण उभं नसलं तर कितीपण पैसे देवोत, मान पुढच्या घराला जाणार.

आमच्या घरचा मान पहिल्या खांद्याचा. देवळातून पालखी निघते तेव्हा पुढच्या दांड्याला उजव्या बाजूला उतेकर लागतो. आजोबा लागायचे, मग बाबा. बाबांचा मणका सरकलाय. महाडच्या डॉक्टरनी भरलेली कळशीसुद्धा उचलायची नाय म्हणून सांगितलंय. मागच्या वर्षी त्यांनी नुसता दांड्याला हात लावला, खाली दुसऱ्याचा खांदा होता, आणि चालून गेलं. या वर्षी रामजीकाका म्हणाले, असं हात लावून चालणार नाय. रामजीकाका आमचे भावकीतलेच, गावकीचे अध्यक्ष.

"तुझा बाप काय बोलत नाय," आई म्हणाली. "पन रोज इचारतोय, भरतचा फोन आला का."

मुरारीला सांगितलं तर तो हसत सुटला. "तुझ्या विमानवाल्यांना पैसे पायजेत, फेऱ्या नकोत. तुझ्या गावाला फेऱ्या पायजेत, पैसे नकोत. आणि तू दोघांनाबी नको ते द्यायला निघालायस."

हसण्यासारखं काय आहे त्यात ते मला समजलं नाय. पण एक विचार आला. गावाला जायचंच आहे तर.

९ फेब्रुवारी

सुट्टी मिळाली, चार दिवस. साहेब म्हणाला, मग मे महिन्यापर्यंत तोंड उघडायचं नाय. हो म्हटलं.

महाडला शौनकदादाला फोन केला. त्याचं एसटी स्टँडजवळ झेरॉक्सचं आणि तिकिटांचं दुकान आहे, आमची सगळ्यांची तिकिटं तोच काढतो. बामणाचा पोरगा आहे, बोलणं एकदम पुस्तकातलं. पण माणूस चांगला.

तो म्हणाला, "त्रिवेंद्रमहून सकाळी सरळ मुंबई आहे. सकाळीच उतरशील. संध्याकाळच्या आत घरी. काढू?"

"नको. चेन्नईवरून काढा. येताना हैदराबादवरून."

"का रे?"

"तसंच पायजे."

"अरे, पण पैसे तेवढेच आहेत. वर चेन्नईत चार तास बसावं लागेल. होळीच्या दिवशी हायवे कसा असतो तुला माहीत आहे. माणगावातच दोन तास जातात."

"दादा, मला चार पायजेत."

"चार तिकिटं?"

"चार उड्डाणं."

तो म्हणाला, "बरं बाबा. काहींना एसटीच्या खिडकीची हौस असते, तुला विमानाची दिसते."

सरळ गेलो तर जाऊन येऊन दोन. वळशानं गेलो तर चार. बावीस आणि चोवीस. पालखी रात्री निघते. चेन्नईवरून गेलो तरी अंधार पडायच्या सुमाराला पोचतो. देवाचं पण होतं, माझं पण होतं. एवढा सरळ हिशोब शौनकदादाला कसा दिसला नाय?

१० फेब्रुवारी

आईला सांगितलं, येतो. तिकडं बाबांना सांगितल्याचं ऐकू आलं. बाबा काहीतरी म्हणाले. आईला विचारलं काय म्हणतायत, तर म्हणाली, "काय नाय. जोतं झाडायला घे म्हनतायत."

होळीला अजून वीस दिवस आहेत. आत्तापासून जोतं कशाला झाडायचं?

१९ फेब्रुवारी

काम. वारा. मुरारीचा पाना वरून खाली पडला, कोणाला लागला नाय. साहेब तासभर बोलला.

१ मार्च

उद्या पहाटे निघायचं. पिशवी भरली. दोऱ्यांचं सामान पण घेतलंय, तसं गावाला त्याचं काही काम नाय. मुरारीनं विचारलं, "ते कशाला वाहतोस?" मी म्हटलं, राहू दे. खरं तर चेन्नईला त्या रांगेत नुसत्या कपड्यांच्या पिशवीवर उभं राहायला बरं वाटत नाय.

३ मार्च, कापडे

कुठून लिहू.

काल चेन्नईपर्यंत सगळं बरोबर झालं. एकवीस. कार्डवाल्यांच्या वेगळ्या खोलीत बसलो, इडली खाल्ली, कॉफी घेतली, आईला फोटो पाठवला. मग पाटीवर मुंबईचं विमान पुढं गेलं. आधी एक तास. मग परत एक. काउंटरवर गेलो, कार्ड दाखवलं. ती बाई कार्ड बघून म्हणाली, "सॉरी सर." बाकीच्यांना नुसतं "सॉरी" म्हणत होती.

मुंबईत उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. बावीस. पनवेलला उभ्यानं एसटी मिळाली. माणगावच्या अलीकडं गाड्यांची रांग लागली ती हलेना. आईचा फोन आला, "कुठं पोचलास रे?" मी म्हटलं, माणगाव. माणगाव दिसतपण नव्हतं. फोनवर तिच्या मागून ढोल ऐकू येत होता. परत फोन आला, मी म्हटलं, आलोच, लोणेरे. लोणेरे तर अजून पुढं. मग तिचा फोन आला नाय. मी लावला तर कोण उचलेना.

पोलादपूरवरून रिक्षा मिळाली तोवर उजाडायला आलं होतं. वाडीत शिरलो तर होळीची राख धुमसत होती. कुत्री झोपलेली. पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसवलेली, फुलं सुकलेली. रामजीकाका तिथंच घोंगडी पांघरून बसले होते.

"आला का विमानवाला," ते म्हणाले.

मी विचारलं, "मान कोणाला गेला?"

"जाईल कसा? तुझा बाप उभा होता की, रामा."

"उभा म्हंजे?"

"खांदा लावला. आमी सांगितलं, रामा, बाजूला हो, या वर्षी राहू दे, पोरगा वाटंवर हाय हे देवाला दिसतंय. मी सोता बोललो, कायदा माझा हाय, मी मोडतो. ऐकतोय का तो? म्हनाला, भरत माणगावात हाय, येतोच हाय, तोवर मी धरतो."

तो येतोच आहे, तोवर. देवळापासून पिंपळापर्यंत त्यांनी धरली. मग काकांनी दांडा काढून घेतला आणि बाबा तिथंच पारावर बसले. घरी चौघांनी आणलं.

मान राहिला. घरातला माणूस हजर होता, कायद्यात बसलं. मग रामजीकाका माझ्याकडं असे का बघत होते?

४ मार्च

बाबा फळीवर पडून आहेत. उजवा पाय बधिर आहे म्हणतात. चिडतील असं वाटलं होतं. चिडले असते तर मी पण काहीतरी बोललो असतो. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि विचारलं,

"चेन्नईत काय काम होतं?"

"काम नव्हतं. विमान बदलायचं होतं."

"सरळ येत नाय का विमान?"

"येतं."

"मग?"

मी सांगायला घेतलं. चांदीचं कार्ड, वीस, बावीस, चोवीस, एकतीस मार्च. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बाबा कोणाचं पण ऐकून घेतात. मग म्हणाले, "म्हंजे तुला पन तिकडं मान हाय."

"हां. तसंच."

"बरं हाय मग."

एवढंच. परत छताकडं बघायला लागले. मला वाटलं त्यांना पटलं. आई चुलीजवळून उठून बाहेर गेली आणि भांडी एवढ्या जोरात आपटली की कोंबड्या उडाल्या. तिला कशाचा राग आला ते तिनं सांगितलं नाय.

आज पालखी घरोघर फिरली. आमच्या दारात आली तेव्हा मी खांदा लावला. जड असते. एवढी जड असते हे विसरलो होतो. बाबांनी दारातून बघता यावं म्हणून फळी सरकवायला लावली.

६ मार्च, कन्याकुमारीच्या अलीकडं

पोचलो. हैदराबादला तेवीस, त्रिवेंद्रमला चोवीस. फोनवर लगेच आलं, अभिनंदन, मिस्टर उतेकर, पुढच्या मार्चपर्यंत. मुरारीला दाखवलं. तो म्हणाला, "पार्टी?" मग माझ्या तोंडाकडं बघून, "काय झालं रे?"

काय झालं ते माझं मलाच कळत नाय. सगळं झालं की. चोवीस झाली. मान राहिला. दोन्ही झालं. जसं ठरवलं तसंच झालं.

१३ मार्च

आज परत मेल. मुरारीनं वाचला, परत वाचला. मग म्हणाला, "बस खाली."

लोकांनी लय तक्रारी केल्या म्हणे. मोठमोठ्या लोकांनी लिहिलं असणार. म्हणून विमान कंपनीनं ठरवलं, आत्ता ज्यांच्या ज्यांच्याकडं कार्ड आहे त्या सगळ्यांचं एक वर्ष वाढवलं. चोवीस झाली असोत नायतर दोन. काही करायची गरज नाय. तुम्ही आमचेच आहात, असं लिहिलंय.

"म्हंजे वीसवाल्यालाबी?"

"वीसवाल्यालाबी. घरी झोपलेल्यालाबी."

"मग मी फिरलो कशाला?"

मुरारीनं उठून चहा आणून दिला. मुरारी कधी चहा आणून देत नाय.

रामजीकाकांनी कायदा मोडायला काढला तर बाबांनी मोडू दिला नाय. यांनी कायदा मोडला तो मला विचारलंच नाय. दोन्हीकडं कायदा मोडायला तयार होते. मला कोणीच आधी का सांगितलं नाय?

१५ मार्च

वर लटकलो होतो, पात्यावर. तिकडून समुद्र दिसतो. हात चालत होता आणि एकाएकी आठवलं. मला त्या दिवशी आठवलं नव्हतं, की मी कुठं पुढं होतो. पुढच्या दांड्याला उजव्या बाजूला.

पण ते मी मिळवलेलं नाय. ते आपोआपच होतं. आपोआप असलेलं मोजतात का? मुरारीला विचारायचं होतं, पण तो पलीकडच्या पात्यावर होता आणि वाऱ्यात ऐकू गेलं नसतं.

२२ मार्च

आईचा फोन. आज ओरडली नाय. हळू बोलत होती, म्हणून मला आधी समजेना की आईच आहे.

बाबांचा दुसरा पाय पण बधिर व्हायला लागलाय. महाडच्या डॉक्टरनी सांगितलं, लवकर मोठ्या हॉस्पिटलात न्या, ऑपरेशन करावं लागेल, उशीर केला तर उभे राहायचे नायत. परवा न्यायचं ठरलंय. आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत गाडी येत नाय, खुर्चीत बसवून उतरवायला लागतं.

"मी पैसे पाठवतो," मी म्हटलं. "लगेच. किती पाठवू?"

"पैशे हायत रे. तुझेच साठवलेले हायत. सरकारी कार्डावर ऑपरेशन होतंय म्हनतायत. पैशाचं नाय."

"मग?"

"खुर्चीला हात लावायला मानूस नाय. वाडीत सगळे परत मुंबईला गेले. रामजीभावजी हायत, त्यांचं वय काय. तू ये."

"आई, सुट्टी नाय. साहेब म्हणाला मेपर्यंत—"

"बरं," आई म्हणाली. "तुझा बाप म्हनतच होता, पोराला सांगू नको, त्याला तिकडं मान हाय."

फोन ठेवल्यावर साहेबाकडं गेलो. साहेब म्हणाला, जायचं तर जा, पण परत आलास तर जागा असेल असं सांगत नाय. मी म्हटलं, बघतो.

मग तिकिटं बघितली. उद्या सकाळचं सरळ विमान. जागा आहेत. नऊ हजार आठशे साठ. नुसतं जायचंच एवढं. मुरारी मागून बघत होता. म्हणाला, "काढ." मी म्हटलं, थांब जरा. तो म्हणाला, "कशाला थांबू? काढ." मी फोन उलटा ठेवला तसा तो उठून गेला.

मी बसून विचार केला. मी गेलो तर दोन हात. माणसं लावली तर आठ. पोलादपूरवरून चार माणसं बोलावली, मजुरी दिली, जेवण दिलं, तर ती माझ्यापेक्षा नीट उतरवतील. रोजचं ओझ्याचं काम करणारी माणसं. वर गाडीचं भाडं सुटेल. माझी जागा पण राहील, म्हणजे पुढं पण पैसे येत राहतील. हे बाबांच्याच फायद्याचं आहे. आईला उद्या समजावून सांगतो, तिला पटेल. बाबांना तर लगेच पटतं.

तिकिटाला गेले असते तेवढेच पाठवायचे ठरवलं, म्हणजे मी गेल्यासारखंच झालं. नऊ हजार आठशे साठ. बरं दिसत नाय, वर एकशे चाळीस घातले. रामजीकाकांच्या फोनवर पाठवतोय, दहा हजार.